पुढून सपाट काच

माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर उणे सात आहे आणि डाव्याचा उणे साडेचार. चष्मा काढून हात लांब केला की माझीच बोटं मला एकमेकांत मिसळलेली दिसतात. अशा बाईने नदीत पोहू नये, असं बहुतेकांचं मत होतं आणि अजून आहे. माझ्या नवऱ्याचं नव्हतं. त्याने मला एक्केचाळिसाव्या वर्षी वैशाखऱ्याजवळच्या एका डोहात पोहायला शिकवलं, आणि त्यानंतर अकरा हिवाळे आम्ही दर रविवारी सकाळी मुरबाडहून मोटरसायकलवर तिथे जात राहिलो. दिवाळीनंतर तिथलं पाणी निवळतं. होळीपर्यंत डोह पोहण्याजोगा राहतो, मग दगडांत तुटत तुटत त्याची डबकी होतात.

चष्मा मी काठावर डब्यात ठेवायची. तो नारिंगी टोपी घालून पुढे पोहायचा आणि मी त्या नारिंगी ठिपक्यामागे. ठिपका हरवला की हाक मारायची, तो ओ द्यायचा, मी आवाजाकडे वळायची. पाण्यात मला दुसरं काही दिसत नसे. तिथे मासे होते म्हणे. तळाशी काळे गुळगुळीत दगड होते म्हणे. अकरा वर्षं ज्या पाण्यात पोहले, ते मला फक्त ऐकून माहीत होतं.

नंबरचे पोहण्याचे गॉगल विकत मिळतात. आम्ही एक मागवलाही. त्याला दोन्ही डोळ्यांना एकच नंबर होता आणि माझ्या नाकाच्या दोन्ही बाजूंनी पाणी आत यायचं. नवऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला. "कुणाच्या तरी तोंडासाठी चांगला आहे," तो म्हणाला, "तुझ्या नाही." त्याच आठवड्यात त्याने स्वतःच करायला घेतला. तो वाशिंदच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात टूलरूमला होता. वस्तू ज्या साच्यात घडते तो साचा, म्हणजे डाय, बनवणं हे त्याचं काम. दुसऱ्याने केलेली वस्तू नीट बसली नाही की त्याला ते सहन होत नसे, मग ती बादलीची कडी असो की टिफिनचं झाकण.

आधी माझ्या डोळ्यांच्या खोबणीचं माप हवं होतं. एका सकाळी सासूबाई भाकरीसाठी तांदळाच्या पिठाची उकड मळत होत्या. त्याने परातीतून दोन गोळे उचलले, मला पाटावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि ते कोमट गोळे भुवईपासून गालापर्यंत दाबून बसवले.

"खायच्या पिठाशी खेळतोस होय रे?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुझ्या सुनेचे डोळे मोजतोय."

"चार हायेत तिचे. कुठले मोजतोस?"

तो ठसा सुंदर निघाला. भुवईचे केससुद्धा उमटले होते. त्याने तो गच्चीवर फडक्यावर वाळत घातला, पापड घालतात तसा, आणि तिथेच चुकला. वाळताना उकड आक्रसते. त्या मापाने घडलेल्या गॉगलच्या पहिल्या वाट्या माझ्या डोळ्यांना चिमटा काढल्यासारख्या बसल्या. मी त्या अर्धा तास घालून बसले आणि तशीच ग्रंथालयात कामावर गेले, तर डोळ्यांभोवती दोन लाल कड्या. आमच्या कॉलेजच्या कारकुनाने हळूच विचारलं, "मॅडम, घरी सगळं बरं आहे ना?" घरी सांगितलं तेव्हा नवरा इतका हसला की सासूबाई स्वयंपाकघरातून बघायला आल्या. नंतर त्याने माप वाढवून घेतलं आणि वाट्या बऱ्या बसल्या.

पण त्याचा सगळा जीव पुढच्या काचेत होता. मोटरसायकलवर जाताना तो मला हात बाहेर काढायला लावायचा. "पंजा उभा धर. आता आडवा कर. कळलं?" पंजा उभा धरला की वारा हात मागे लोटायचा, आडवा केला की सुरीसारखा कापत जायचा. "पाणी तर वाऱ्यापेक्षा कितीतरी जड. समोर भिंत उभी केलीस की ते भांडणार. वाट दिलीस की निघून जाईल." म्हणून त्याला काच नदीतल्या गोट्यासारखी हवी होती, पुढे फुगीर, कडेला उतरती. तिच्या आतल्या बाजूला माझ्या नंबरची काच चिकटवायची, असा बेत होता.

मी एकदा विचारलं, "पाण्यातपण असंच दिसेल ना?"

"काच ती काच. पाण्यात काय बदलतं?"

त्याचे डोळे उत्तम होते. त्याने नुसती फुगीर काच लावून बादलीत तोंड बुडवलं, पाणी आत येत नाही हे पाहिलं आणि खूश झाला. नंबरची काच तेव्हा बसवलेलीच नव्हती.

श्रावणात तो गेला. चहा घेऊन खाली उतरला, गाडीला किक मारायला वाकला आणि तसाच खाली बसला. त्यापुढचं मी लिहिणार नाही. मला येत नाही म्हणून नव्हे. लोकांना तेच ऐकायचं असतं, आणि मला ते द्यायचं नाही.

दिवाळी घरात झाली नाही. दिवाळीनंतर त्याचा टूलरूममधला मित्र घरी आला. बरोबर त्याची बायको होती, वैशाखरे तिचं माहेर. मित्राच्या हातात मिठाईचा रिकामा खोका होता, त्यात कापसावर ठेवलेला गॉगल. उरलेलं काम त्याने आणि आणखी दोघांनी जेवणाच्या सुट्टीत बसून पुरं केलं होतं. सिलिकॉनच्या कडा, फुगीर काचा, आत माझ्या नंबरची भिंगं, सगळं जागच्या जागी. गॉगलच्या पट्ट्यावर हळदकुंकवाची बोटं होती. नव्या डायमधून पहिला नग निघाला की कारखान्यात मशीनला नारळ फोडतात आणि तो नग विकत नाहीत, वापरत नाहीत, देवापुढे ठेवतात.

"वहिनी," तो म्हणाला, "हा पहिला नग. फोटोजवळ ठेवा. आमी सगळ्यांनी ठरवलंय."

मी तो घेतला, चष्मा काढला आणि घालून पाहिला. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथीची बारीक अक्षरं वाचता आली. मित्राच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. मित्राला वाटलं, आता मी तो फोटोपुढे ठेवीन.

"रविवारी वैशाखऱ्याला येणार का तुम्ही दोघं?" मी विचारलं. "मला पाण्यात घालून बघायचाय. एकटी जाणार नाही एवढी अक्कल आहे मला."

त्याची बायको म्हणाली, "येऊ की. मला आईकडं जायाचंच हाय."

रविवारी मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहिले आणि डोकं आत घातलं. अकरा वर्षांनी तो तळ दिसणार होता. दिसला तो असा, की दगड होते, पण लहान झालेले, लांब गेलेले, कडा पुसलेल्या. माझा स्वतःचा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा बारीक दिसत होता. चार हात मारले तोवर कपाळ ठणकू लागलं. बाहेर काढलेल्या डोक्याला काठ स्वच्छ दिसत होता, आत घातलेल्याला काहीच धड नाही.

"काय झालं?" मित्राने विचारलं.

"दिसत नाही."

"नव्याची सवय नाय म्हणून होत असेल."

मला वाटलं, माझे डोळेच आणखी बिघडले. रडून बिघडतात असं सासूबाई सांगत होत्याच. दोन दिवस मी ते खरं मानलं. मग ग्रंथालयात दहावीचं विज्ञानाचं पुस्तक काढलं, मग अकरावीचं, आणि घरी येऊन घंगाळात पाणी भरलं. जुन्या सभासदाचं प्लास्टिकमध्ये चिकटवलेलं कार्ड तळाशी ठेवलं. वर काचेचा गोल बुडाचा वाडगा तरंगत ठेवून त्यातून खाली पाहिलं, तर अक्षरं बारीक झाली, जणू कुणी खाली ओढली. वाडगा काढून सपाट बुडाचा काचेचा डबा ठेवला. अक्षरं होती तशी झाली, उलट जराशी जवळ आली. मी वाडगा आणि डबा पुन्हा पुन्हा बदलत बसले. काच बाहेर फुगलेली असली आणि तिच्या बाहेर पाणी, आत हवा असली, की ती काच स्वतःच उणे नंबरची होते. कोरड्यात काही कळत नाही. पाण्यात माझ्या सातावर तिचे आणखी तीन-चार चढत होते.

म्हणजे तो चुकला होता. पाण्याला वाट देण्याच्या नादात त्याने मला आंधळं केलं होतं, आणि हे ऐकायला आता तो नव्हता. त्या संध्याकाळी मला त्याचा जितका राग आला तितका लग्न झाल्यापासून कधी आला नव्हता. मृत्यूनंतर लोकांनी माझ्याकडून सगळ्या भावनांची अपेक्षा केली, ही एक सोडून.

मित्राला बोलावलं. वाडगा, डबा, कार्ड, सगळं दाखवलं. त्याला लगेच समजलं. कारागीर माणूस, डोळ्यांनी पाहिलेलं नाकारत नाही. तरी त्याने वाडगा पुन्हा पाण्यावर ठेवून पाहिला.

"मग आतला नंबर कमी करू," तो म्हणाला. "पुढची काच तशीच ठेवू. त्याची आठवण ऱ्हाईल."

"नंबर कमी केला तर पाण्यात दिसेल, वर डोकं काढल्यावर काठ दिसणार नाही. काठ बघूनच मला दिशा धरायचीय. आता पुढे कुणी नाही."

"सपाट लावली तर पाणी आपटंल. उडी मारलीत तर गॉगल निघून गळ्यात येईल."

"मी उडी मारत नाही."

"वहिनी, त्यानं आखलेलं हाय ते. त्याच्या हातचं शेवटचं."

"तो चुकला."

"गेलेल्या माणसाच्या चुका काढता?"

"असता तर काढल्याच असत्या. भांडला असता माझ्याशी, मग गुपचूप बदललं असतं. तुम्हाला माहितीय तो कसा होता."

मित्र उठला, चपला घातल्या आणि "बघतो" म्हणून गेला. चार दिवस त्याचा फोन नाही. पाचव्या दिवशी आला तो मापाचा व्हर्नियर आणि कागद घेऊनच. सपाट काच लावायची तर ती लहान लावू, तो म्हणाला, आणि बाहेर न ठेवता डोळ्याच्या खोबणीत जितकी खोल बसेल तितकी बसवू. मग ती कपाळाच्या आणि गालाच्या आडोशाला राहील आणि पाण्याला भिंत मिळणार नाही. फक्त कडेची सिलिकॉनची उतरण नव्याने घडवावी लागेल. आजूबाजूचं कमी दिसेल, चालेल का? मी म्हटलं, समोरचं दिसू दे. पापण्या काचेला घासतील की काय, हा एक प्रश्न होता. ग्रंथालयाची चार कार्डं एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होते तेवढं अंतर मला पुरतं, हे मी आरशासमोर बसून काढलं.

मात्र खोल बसवायचं तर ठसा पुन्हा घ्यायला हवा होता, आणि या वेळी न आक्रसता. मी उकड काढायला घेतली. सासूबाई आतल्या खोलीतून बघत होत्या. माझ्याशी त्या आठवडाभर बोलत नव्हत्या, कारण मी पाण्यात जाणार हे त्यांना कळलं होतं.

"पाणी उकळलं नाय तवर पीठ टाकलंस," त्या म्हणाल्या.

मी ढवळत राहिले.

"गाठी झाल्या. सर."

त्यांनी माझ्या हातातलं उलथणं घेतलं, ते पीठ बाजूला केलं आणि नवीन आधण ठेवलं. बरोबर चमचाभर तेल घातलं. मळताना त्या रागाने मळत होत्या. "माझा पोरगा जाऊन चार म्हयने नाय झाले. डुंबायचं सुचतंय हिला." मग स्वतःच माझ्या डोळ्यांवर गोळे लावले, त्याच्यापेक्षा जोरात, अंगठ्याने कडा दाबत. "हलू नको. त्यानं भुवईपाशी सैल सोडलं होतं, मी तवाच बघितलं होतं." मित्राने ओल्या ठशातच तिथल्या तिथे प्लास्टर ओतलं. वाळायची वाट पाहिली नाही. प्लास्टर धरल्यावर सासूबाईंनी उरलेल्या उकडीच्या भाकरी केल्या. मला वाढल्या.

भिंगं मी शहापूरला करायला टाकली, माझ्या लहानपणापासूनच्या चष्मेवाल्याकडे. पुढून सपाट, आतून खोल. तो म्हणाला, अशी कुणी घालत नाही, थोडा बाक लागतोच, दिसायला वाईट दिसतं. मी म्हटलं, दिसायला वाईटच पाहिजे. त्याने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि नंबर लिहून घेतला.

त्या महिन्याच्या श्राद्धाला थोरले दीर आले. जेवण झाल्यावर त्यांनी मला ओटीवर बोलावलं. आवाज चढवत नाहीत ते कधी. "कानावर आलं," ते म्हणाले. "आम्ही तुला कधी अडवलं नाही. नोकरीला अडवलं नाही, तो होता तेव्हा पोहण्याला अडवलं नाही. पण वर्ष तरी होऊ दे."

"भाऊजी, वर्ष श्रावणात पुरं होईल. श्रावणात नदी तांबडी असते, झाडं वाहून आणते. तेव्हा पोहू?"

"मग त्याच्या पुढच्या दिवाळीनंतर पोह. एक हिवाळा गेला तर काय होतं?"

याचं उत्तर मला खूप लांब देता आलं असतं. बावन्न वर्षं वय, गुडघे, डोळ्यांच्या पडद्याबद्दल डॉक्टरांनी दिलेली सूचना. एवढ्या नंबरच्या माणसाला पुढचा हिवाळा नुसता गृहीत धरता येत नाही. पण कारणं दिली की ती तपासली जातात, आणि मला परवानगी मागायचीच नव्हती.

"माझा जाईल," मी म्हटलं.

"लोक काय म्हणतील याचा विचार केलास?"

"केला. म्हणू देत."

"आईचा?"

"त्यांनीच माप घेतलंय."

त्यांनी आत पाहिलं. सासूबाई भांडी लावत होत्या. त्यांनी कळशी जरा जोरात ठेवली. दीर उठले आणि जाताना मला म्हणाले, "मी येणार नाही काठावर. काही झालं तर मला कळवू नको." तेही त्यांचं दुःखच बोलत होतं, हे मला माहीत आहे. तरी मी त्यांना थांबवलं नाही.

पौषातल्या एका रविवारी आम्ही तिघं वैशाखऱ्याला गेलो. मित्राने ट्रकची हवा भरलेली ट्यूब आणली होती. त्याची बायको दगडावर बसली. "वहिनी, मोठा मासा दिसला तर सांगा," ती म्हणाली, "दुपारचं कालवण करू." मी लांब बाह्यांचा कुर्ता आणि विजार घालून पाण्यात उतरले, गॉगल दाबून बसवला आणि डोकं आत घातलं.

तळ होता. दगड काळे नव्हते, हिरवट करडे होते आणि त्यांच्यावर शेवाळाची लव एका बाजूला झुकलेली होती. माझी दहा बोटं मला मोजता आली. बोटभर मासे माझ्या पोटाखालून गेले आणि मला बघून वळले. मी तीन हात मारून डोकं वर काढलं, तर समोरच्या काठावर कांडोळाचं पांढरं झाड, त्याची प्रत्येक फांदी वेगळी. पुन्हा खाली, पुन्हा तळ. वर आणि खाली एकच जग होतं, तुटत नव्हतं. काच आडवी येत होती का? येत असणार थोडी. वाट्या गालाला धरून होत्या आणि मी झाडाकडे जात होते.

डोहाच्या मध्यावर मी थांबले. दर रविवारी इथे आले की तो पुढून ओरडायचा, "आलं, आलं, दहा हात राहिलं." दर वेळी मी ते खरं धरून उरलेलं अंतर काढत असे. आता मला काठ दिसत होता आणि दहा हात नव्हते. साठ असतील, सत्तर असतील. खाली पाहिलं तर दगड संपले होते आणि नुसता काळसर हिरवा खोलपणा होता. त्याने तो मला कधी सांगितला नव्हता. न दिसणं हे अकरा वर्षं माझं धैर्य होतं, आणि ते आता माझ्याकडे नव्हतं.

मागे वळले तरी अंतर तेवढंच होतं. मी पाण्यात उभी राहून पाय मारत "खोटारडा" म्हटलं, मोठ्याने, तोंडात पाणी गेलं तेवढं जाऊ दिलं. मग झाडाच्या सगळ्यात खालच्या फांदीवर नजर धरली आणि हात मारू लागले. दर तीन हातांनी वर पाहत होते. दर वेळी ती तेवढीच वाटायची आणि मग एकदम मोठी झाली. गुडघा दगडाला लागला.

काठावर बसून मी गॉगल काढला. उजव्या वाटीत चमचाभर पाणी होतं. नाकाकडची कड अजून घासायला हवी. तो गॉगल अजून पुरा झालेला नाही. हे लिहिते आहे तेव्हाही मित्र तिसरी कड घडवतो आहे. पहिला फुगीर नग मी त्याला परत दिला. त्याने तो कारखान्यातल्या देवापुढे ठेवला, माझी हरकत नाही. पण आमच्या घरी फोटोजवळ तो नाही.

पलीकडून मित्राने हाका मारायला सुरुवात केली. "वहिनी, तिथंच थांबा. पाण्यात नका येऊ आता. दमला असाल. मी काठानं येतो, चपला आणतो."

मी गॉगल धुऊन पुन्हा घातला आणि पट्टा एक घर आवळला. तो ट्यूब खांद्यावर अडकवून, माझ्या चपला हातात धरून काठाकाठाने निघालेला मला तिथून स्वच्छ दिसत होता. ओल्या दगडावर त्याचा पाय सटकला, तेही दिसलं. मी हाताने नको म्हटलं आणि पाण्यात शिरले.